शिकवणी एकट्याची, खोली सगळ्यांची

खर्चाला कात्री लावायची वेळ आली की अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये संगीत विभागाच्या एका रकमेवर हमखास बोट ठेवले जाते. ही रक्कम असते वाद्यांच्या वैयक्तिक शिकवणीची. इतिहासाचा प्राध्यापक एका तासात पन्नास जणांना शिकवतो, रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या व्याख्यानाला सभागृह भरते, आणि ओबोचा शिक्षक तेवढ्याच वेळात एका लहानशा खोलीत एकाच विद्यार्थ्याचे वादन ऐकत असतो. आठवड्याला एक तास, सत्राचे चौदा-पंधरा आठवडे, सत्राअखेर शिक्षकांच्या मंडळापुढे परीक्षा, आणि हे सारे चार वर्षे. हा हिशेब मांडणारा प्रशासक कलेचा वैरी असतोच असे नाही. सार्वजनिक पैशाचा आणि पालकांनी भरलेल्या शुल्काचा विचार करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडेल. त्याला मिळणारे उत्तर मात्र बहुतेकदा परंपरेचे असते: वाद्य असेच शिकतात, पिढ्यानपिढ्या असेच चालत आले आहे. हे उत्तर दुबळे आहे, आणि इतिहासाला धरूनही नाही. माझे म्हणणे असे की, बँडची किंवा ऑर्केस्ट्राची वाद्ये शिकणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयीन विद्यार्थ्याला, मग तो पुढे व्यावसायिक वादक होवो अथवा न होवो, त्याच्या एकट्याच्या वादनाकडे कान देणारा जाणकार दर आठवड्याला मिळालाच पाहिजे. पण त्यासाठी बंद दाराआडची खोली लागते, ही समजूत सोडून द्यायला हवी. वैयक्तिक लक्ष आणि एकांत या दोन गोष्टी काळाच्या ओघात एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या सुट्या केल्या तर शिकवणीची बाजू कितीतरी भक्कमपणे मांडता येते.

अमेरिकेतले बहुसंख्य विद्यार्थी या खोलीपर्यंत पोहोचतात ते शाळेच्या बँडमधून. दहाव्या-अकराव्या वर्षी हातात क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट येतो आणि बँडचा एकच शिक्षक तीस-चाळीस मुलांना एकाच वेळी शिकवू लागतो. वाद्ये सात-आठ प्रकारची, शिक्षक एक आणि डिसेंबरात पालकांसमोर पहिला कार्यक्रम. या पद्धतीचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे ज्या गावात संगीताचा एकही खासगी शिक्षक नाही तिथल्या मुलालाही वाद्य वाजवता येऊ लागते. पण या पद्धतीत चुका झाकल्या जातात. तीस जणांच्या आवाजात एकाचा श्वास कुठे अडतो, दुसऱ्याची जीभ कुठे उशिरा उठते, हे वेगळे ऐकू येत नाही. स्वर साधारण बरोबर लागला की धडा पुढे सरकतो. अशी सात-आठ वर्षे गेली की चूक अंगात मुरते, आणि ती मुरल्याचे खुद्द वाजवणाऱ्यालाही कळत नाही. अशा अनेकांच्या आयुष्यातली पहिली नियमित वैयक्तिक शिकवणी महाविद्यालयात सुरू होते, आणि तिची पहिली दोन सत्रे मुरलेल्या गोष्टी सोडवण्यातच जातात.

क्लॅरिनेटचेच उदाहरण घेऊ. खालच्या स्वरांतून वरच्या भागात जाताना या वाद्यात एक सांधा येतो. सांध्याच्या अलीकडच्या स्वरांना जवळजवळ सगळी भोके उघडी असतात. पलीकडच्या पहिल्याच स्वराला जवळजवळ सगळी बोटे एकाच क्षणी बसावी लागतात आणि डाव्या अंगठ्याने मागची कळही दाबावी लागते. एक बोट केसभर उशिरा किंवा तिरके बसले की स्वर फुटतो. विद्यार्थ्याला वाटते, फुंक कमी पडली. तो जोर लावतो, ओठ आवळतो, आणि बोटांतले दुखणे जबड्यात सरकते. मग वरचे स्वर बारीक, चिरके येऊ लागतात आणि तो नवी रीड, म्हणजे फुंकेने कंप पावणारी पाती, विकत आणतो. हा गुंता सोडवणाऱ्या शिक्षकाला शेवटी त्या विद्यार्थ्याच्या उजव्या अनामिकेकडे बोट दाखवायचे असते. पण तिच्याकडे पाहायला हवे हे त्याला आधी आवाजावरून ओळखावे लागते. ओबोची अडचण वेगळी. दोन पात्यांच्या रीडमधली फट इतकी अरुंद की फुप्फुसातली हवा वेळेत बाहेरच पडत नाही. वादक गुदमरतो तो भरल्या छातीने. नवखा अशा वेळी घाबरून आणखी हवा आत ओढतो. जाणता शिक्षक त्याला आधी शिळी हवा सोडून मग ताजी घ्यायला शिकवतो, आणि समोरच्या ओळीत ती नेमकी कुठे सोडायची याची पेन्सिलीने खूण करतो. ही खूण दोन विद्यार्थ्यांसाठी एकाच जागी पडेल याची खात्री नसते. श्वासाबद्दलचा नियम पुस्तकात सापडतो, पण वाचणाऱ्याला आपण तो कुठे मोडतो आहोत हे पुस्तक सांगू शकत नाही.

फुंकून वाजवायच्या वाद्यांमध्ये महत्त्वाच्या हालचाली शरीराच्या आत होतात. जीभ, घसा, पोटाचा पडदा, ओठांचा आतला भाग यांतले काहीच शिक्षकाला दिसत नाही आणि विद्यार्थ्यालाही धड जाणवत नाही. पुरावा काय तो एकच, बाहेर आलेला आवाज. त्यामुळे ही शिकवणी मुळात ऐकून निदान करण्याची विद्या आहे, आणि तिची खरी फलश्रुती म्हणजे तोच कान विद्यार्थ्याच्या ठिकाणी तयार होणे. अर्नोल्ड जेकब्स हे १९४४ पासून १९८८ पर्यंत शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवत होते आणि श्वासाचे शिक्षक म्हणून जगभरचे वादक त्यांच्याकडे येत. श्वसनाचे शरीरशास्त्र त्यांनी बारकाईने अभ्यासले होते, फुप्फुसांची क्षमता मोजणारी उपकरणे ते शिकवताना वापरत. तरीही त्यांचा आग्रह असा की वाजवताना स्नायूंचा विचार करू नये. हवा सोडावी आणि मनात हवा तो आवाज स्पष्ट धरावा, शरीर त्याच्या मागे येते. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत १९२४ पासून तीस वर्षे ओबो शिकवणारे मार्सेल ताब्यूतो यांनी स्वरांना आकडे देण्याची पद्धत काढली होती. ओळीतला कुठला स्वर किती वजनाचा, कुठे चढते, कुठे उतरते, हे आकड्यांनी दाखवून ते विद्यार्थ्याला स्वतःची ओळ बाहेरून ऐकायला लावत. या दोन शिक्षकांचे मार्ग वेगळे होते, स्वभावही. दोघांनाही घडवायचा होता तो विद्यार्थ्याचा कान. ओबो आणि बसूनच्या विद्यार्थ्यांचा तर बराचसा तास चाकू चालवण्यात जातो. दक्षिण फ्रान्समधल्या वार प्रांतात पिकणाऱ्या, बोरूसारख्या गवताची कांडी चिरायची, तासायची, दुमडून (ओबोसाठी धातूच्या छोट्या नळीवर) दोऱ्याने बांधायची आणि मग पात्यांची जाडी खरवडत जायची. नुसती रीड तोंडात धरून फुंकली की जो कर्कश आवाज येतो त्यावरून शिक्षक सांगतो, इथे अजून थोडे, आणि टोकाला आता हातही लावू नको. इतके करून तयार झालेली रीड काही दिवसांत मरते. पुढची स्वतः करता यावी म्हणून हा सारा खटाटोप.

अमेरिकेतल्या संगीतशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. वैयक्तिक शिकवणीचे क्रेडिट मोजायची तिची रीत मला फार समंजस वाटते. आठवड्याला तीन तास सराव करावा लागेल असे काम असेल तर एक क्रेडिट. शिकवणी त्याच्या जोडीला, लागेल तेवढी. म्हणजे मोजमापाचा पाया शिक्षकाचा तास नाही, विद्यार्थ्याचा एकट्याचा सराव आहे. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत-अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्याचा रोखही इकडेच होता. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४०० तासांच्या आसपास, चांगल्या गटाचा ५,३००, आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्या गटाचा ३,४०० तास निघाला. या अभ्यासावरून पुढे 'दहा हजार तास' अशी घोषणा तयार झाली आणि तिने पुष्कळ गैरसमज पसरवले. २०१९ मध्ये मॅकनमारा आणि मैत्रा यांनी तोच अभ्यास पुन्हा, अधिक काटेकोरपणे केला तेव्हा सर्वोत्तम आणि चांगल्या गटांतला सरावाचा फरक टिकला नाही. तिसऱ्या गटाचा सराव मात्र याही वेळी स्पष्टपणे कमी होता. म्हणजे तास हवेतच, पण एका मर्यादेपलीकडे तासांनी सगळे ठरत नाही. त्या तासांत आपण काय ऐकतो यावर पुष्कळ अवलंबून असते. ज्याला स्वतःची चूक ऐकू येत नाही तो रोज तीन तास तीच चूक पक्की करत बसेल. आठवड्याच्या एका तासाचे काम उरलेल्या तासांना कान देणे हे आहे.

वैयक्तिक शिकवणीच्या बाजूने बोलणारे अनेकजण शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ मधल्या लेखाचा आधार घेतात. एकास एक शिकलेला सरासरी विद्यार्थी वर्गात शिकलेल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे असतो, असे त्यात मांडले होते. हा पुरावा इथे वापरू नये असे मला वाटते. ते प्रयोग शाळकरी मुलांवर झाले, विषय संभाव्यता आणि नकाशाशास्त्राचे, कालावधी थोड्या आठवड्यांचा. आणि पुढच्या संशोधनात परिणाम इतका मोठा निघाला नाही. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून जो अंदाज काढला तो ब्लूम यांच्या निम्म्याहूनही कमी होता. तोही काही थोडा नाही. पण बीजगणितात चूक कागदावर उमटते, चाळीस वह्या घरी नेऊन तपासता येतात. क्लॅरिनेटच्या सांध्यावर फुटलेला स्वर फुटला त्याच क्षणी कोणीतरी ऐकावा लागतो. वाद्याच्या बाबतीत वैयक्तिक लक्षाची गरज याच स्वरूपातून सिद्ध होते. उसन्या टक्केवारीची तिला गरज नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो कधीच मिटणारा नाही. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावर जे पुस्तक लिहिले त्यातला मुद्दा आजही कोणी खोडलेला नाही. कारखान्यात माणसाची उत्पादकता वाढत जाते, मजुरी वाढते. चार जणांनी वाजवायच्या रचनेला मात्र शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो, पण त्या चौघांनाही आजच्या मजुरीनेच पैसे द्यावे लागतात. शिकवणीला हे जसेच्या तसे लागू पडते. तिचा तुलनात्मक खर्च दरवर्षी वाढणार. म्हणून प्रश्न असा उरतो की एवढा वाढता खर्च कोणासाठी करायचा. मोजक्या गुणवंतांसाठी संस्था असतातच: कर्टिसने १९२८ पासून विद्यार्थ्यांकडून शिकवणीचे शुल्क घेतलेले नाही, पण तिथे प्रवेशही मूठभरांनाच मिळतो. राज्याच्या विद्यापीठात 'बसून' हे वाद्य शिकणारी, बहुधा कुठल्याच ऑर्केस्ट्रात न जाणारी मुलगी मात्र खर्चाच्या चर्चेत नेहमी दुर्लक्षित राहते. आणि तिच्याबद्दलची शंका निराधार नाही. जेकब्स शिकागोच्या ऑर्केस्ट्रात चव्वेचाळीस वर्षे होते, आणि ऑर्केस्ट्रात ट्यूबा एकच असतो. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांत तिथे ट्यूबाची एकही जागा रिकामी झाली नाही. त्या काळात अमेरिकेत ट्यूबा शिकलेल्यांची गणती कोणी केली तर ती हजारांत जाईल.

तरी या हजारोंना शिकवणे वाया गेले असे म्हणता येत नाही, कारण त्यांतले पुष्कळजण शाळांमध्ये बँडचे शिक्षक झाले. वर ज्या तीस-चाळीस मुलांच्या वर्गाचे वर्णन केले तो वर्ग हेच लोक चालवतात. ज्याचा स्वतःचा कान कधी कोणी घडवला नाही असा शिक्षक तीस जणांच्या आवाजात काय ऐकणार? क्लॅरिनेटचा फुटलेला स्वर ऐकून तो म्हणेल, जोरात फुंक. ज्याच्या बोटांकडे चार वर्षे कोणी लक्ष दिले आहे तो म्हणेल, अनामिका बघ. एका सामान्य वादकाला विद्यापीठाने दिलेला तास पुढच्या तीस वर्षांत शेकडो मुलांपर्यंत पोहोचतो, आणि त्यातली बरीच मुले अशा शाळांत असतात जिथे दुसरी शिकवणी परवडण्याचा प्रश्नच येत नाही. खर्चाचा हिशेब करताना ही मुलेही त्यात धरली पाहिजेत. जे शिक्षकही होत नाहीत, अभियंता किंवा परिचारिका होऊन संध्याकाळी गावच्या बँडमध्ये वाजवतात, त्यांच्याबद्दल मी अर्थशास्त्र सांगत बसणार नाही. विद्यापीठ त्यांना साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकवते तेव्हा त्यांच्यातले किती कवी होतील असे विचारत नाही. एखादी गोष्ट नीट करता येणे म्हणजे काय याचा अनुभव मिळण्याचा हक्क त्यांनाही आहे.

आता बंद दाराविषयी. ऑर्केस्ट्राची वाद्ये महाविद्यालयीन पातळीवर शिकवण्याचा आजचा साचा ज्या संस्थेत घडला ती पॅरिसची काँझर्व्हातवार. तिची मुळे सैनिकी बँडमध्ये आहेत. फ्रेंच क्रांतीच्या काळात बेर्नार सारेत यांनी राष्ट्रीय रक्षकदलाच्या वादकांसाठी १७९२ मध्ये मोफत संगीतशाळा चालू केली आणि १७९५ मध्ये तिच्यातून ही संस्था उभी राहिली. क्रांतीचे उत्सव उघड्या मैदानांत होत, तिथे क्लॅरिनेट, हॉर्न, बसून लागत. तेव्हा ते शिकवणे हे राज्याचे काम ठरले. तिथे वाद्याचा धडा वर्गात होई. दहाबारा विद्यार्थी एकाच खोलीत, शिक्षक एकेकाला उभे करून त्याचे वादन ऐकणार, दुरुस्त करणार, बाकीचे बसून ऐकणार. १८९३ मध्ये पॉल ताफानेल बासरीचे प्राध्यापक झाले तेव्हा त्यांनी या वर्गात प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष देण्यावर भर दिला. प्रत्येकाच्या वेगळ्या अडचणीला वेगळे उत्तर. वर्षअखेरीची स्पर्धा-परीक्षा सर्वांसमोर होई आणि तिच्यासाठी नव्या रचना लिहवून घेत: फोरे यांची बासरीची 'फाँतेझी' १८९८ मधल्या परीक्षेसाठी, देब्यूसी यांची क्लॅरिनेटची पहिली 'रॅप्सोदी' १९१० च्या परीक्षेसाठी. ताफानेल यांचे शिष्य जॉर्ज बारेर अमेरिकेत गेले, त्यांचे शिष्य विल्यम किंकेड फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये शिकवू लागले, आणि अमेरिकन बासरीवादनाची मोठी शाखा तिथून फुटली. ताब्यूतो हेही त्याच पॅरिसमधले, जॉर्ज जिये यांचे विद्यार्थी. म्हणजे ज्या परंपरेचे नाव घेऊन बंद खोलीचे समर्थन होते ती परंपराच भरलेल्या खोलीत वाढली.

आणि ती तिथे वाढली हा योगायोग नसावा. शिकवणीतून द्यायची वस्तू कान ही असेल, तर तो कान वाजवताना तयार होत नाही. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज दातांतून, कवटीच्या हाडांतून येतो, लक्ष बोटांत आणि पुढच्या मात्रेत गुंतलेले असते, शिवाय समोर शिक्षक बसलेला. शेजारी स्वस्थ बसलेल्या विद्यार्थ्याला यातला कसलाच अडथळा नसतो. तोच एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, जो त्याने काल रात्री घोटला, आता दुसऱ्याच्या वाद्यातून येतो आहे, वेगळी चूक घेऊन; शिक्षक एक वाक्य बोलतो आणि अर्ध्या मिनिटात आवाज बदलतो. आधीचा आवाज आणि नंतरचा, दोन्ही ताजे कानात असतात. हॉर्नच्या वरच्या भागात शेजारशेजारचे स्वर एकाच बोटांनी निघतात, नुसत्या ओठांच्या ताणावर फरक ठरतो. वाजवणारा शेजारच्या स्वरावर घसरला हे त्याला स्वतःला घसरल्यानंतर कळते, ऐकणाऱ्याला मात्र घसरण्याआधीचा कंप ऐकू येऊ लागतो. असे वर्षभर ऐकलेला विद्यार्थी सरावाच्या खोलीत स्वतःचा शिक्षक होऊ शकतो. अमेरिकेतले बरेच शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवतात हे खरे. पण तिथे बहुतेकदा तयार झालेल्या रचना वाजवल्या जातात आणि टाळ्या मिळतात. कच्चे काम, अडखळणे, दुरुस्ती हे सगळे पुन्हा बंद दाराआड जाते, म्हणजे शिकण्यासारखे जे असते तेच नेमके इतरांना ऐकू येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, तो अपमानाचा. इतरांसमोर चूक दाखवली की नवखा खचतो. आणि जुन्या वर्गांतले शिक्षक किती कठोर होते, ताब्यूतो यांच्या जिभेला त्यांचे विद्यार्थी किती घाबरत, याच्या कहाण्या थोड्या नाहीत. हा धोका मी कमी लेखत नाही. पण क्रूर शिक्षक एकांतात सौम्य होतो असा अनुभव कोणाचाच नाही. एकांतात फक्त साक्षीदार नसतो. इंग्लंडमध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने २०२२ मध्ये निवासी शाळांवर अहवाल दिला, त्यात संगीताच्या विशेष शाळांचा वेगळा विचार करावा लागला. एकास एक शिकवणी, शिक्षकाची कीर्ती, आणि विद्यार्थ्याचे सारे भवितव्य त्या एका माणसाच्या शब्दावर टांगलेले, हा त्या प्रकरणांमधला समान धागा होता. महाविद्यालयातला विद्यार्थी वयाने सज्ञान असतो, पण शिफारसपत्र, प्रवेश, शिष्यवृत्ती, पहिले काम हे सगळे त्याच एका शिक्षकाच्या हातून येते. कायद्याने सज्ञान असलेला माणूस तिथे निर्भय असतोच असे नाही. जिथे असे काही घडत नाही तिथेही परावलंबन शिल्लक राहते. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत शिक्षकांशी बोलून हेलेना गाँट यांनी २००८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात शिक्षक एकमुखाने विद्यार्थ्याला स्वावलंबी करण्याचे ध्येय सांगतात, पण ते ध्येय ज्या मार्गाने गाठायचे तो मार्ग त्या एकांतातल्या नात्यात सहसा सापडत नाही, असे दिसते. काही गोष्टी खासगीतच बोलाव्या लागतात हे मान्य: हाताचे दुखणे, रंगमंचाची भीती, घरची अडचण. त्यासाठी दहा मिनिटे वेगळी काढता येतात. उरलेल्या पन्नास मिनिटांत दोन सहाध्यायी कोपऱ्यात बसले तर शिकवणीतले काहीही कमी होत नाही.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हापासून वर्गात गाणे शिकता येते का यावर आपल्याकडे बोलले जात आहे, आणि संस्था विरुद्ध गुरू अशीच त्याची मांडणी होते. या मांडणीत एक गोष्ट निसटते. गुरूच्या घरीही शिष्य सहसा एकटा नसे. एकाला तालीम चालू असताना दुसरा तानपुरा धरून बसलेला असे, आणि पुष्कळांचे पुष्कळसे गाणे असे दुसऱ्याच्या तालमीत बसून ऐकलेले असे. लक्ष एकावर, कान अनेकांचे, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पाश्चात्त्य वाद्यांचा आपला वारसा गोव्यातून आला. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले, आणि त्या मुलांनी मुंबईत येऊन हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि पुढे 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव अजरामर केले. आज मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तिच्या अनेक खुर्च्यांवर परदेशी वादक बसतात, आणि व्हायोलिन-पियानोचे शिक्षक सापडले तरी ओबो, बसून, हॉर्न शिकवणारे फार थोडे. मुंबई-पुण्याची मुले लंडनच्या परीक्षामंडळांच्या श्रेणी चढत जातात आणि पदवीच्या वेळी परदेश गाठतात. ज्या शहरात बसूनचा चांगला शिक्षक एखादाच असेल तिथे त्याचा तास एकाच्या कानापुरता ठेवणे ही उधळपट्टी आहे.

दूरस्थ शिकवणीने हा प्रश्न सुटेल असे २०२० मध्ये अनेकांना वाटले. तेव्हा जगभरच्या संगीतशाळा पडद्यावर गेल्या, आणि काही गोष्टी निभावल्याही: बोटांची जागा, पुस्तकातले धडे, रचनेविषयीची चर्चा. पण माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेल्या त्या प्रणाली लांबवलेला स्वर गोंगाट समजून दाबत, हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर पुसून टाकत, आणि ध्वनी पोहोचायला लागणाऱ्या उशिरामुळे शिक्षक-विद्यार्थ्याला एकत्र वाजवता येत नसे. जिथे पुरावा फक्त आवाजाचा, तिथे तो पुरावाच बिघडलेला पोहोचत होता. दूरच्या गावातल्या विद्यार्थ्याला महिन्यातून तीनदा पडद्यावर आणि एकदा प्रत्यक्ष, अशी सोय करणे शहाणपणाचे आहे. पण रीड खरवडायला शिकवणारा हात पडद्यातून बाहेर येत नाही.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि तो प्रशासकाने मांडला त्याहून वेगळ्या जागी आहे. अमेरिकेतल्या लहान-मध्यम विद्यापीठांमध्ये ओबो, बसून, ट्यूबा यांचे शिक्षक बहुधा अर्धवेळ असतात. त्यांना विद्यार्थ्यामागे, तासामागे पैसे मिळतात. आठवड्यात तीन विद्यार्थी असतील तर तीन तास, सत्रात एकाने वाद्य सोडले तर दोन. शेजारच्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात वाजवून, दोन-तीन विद्यापीठांच्या वाऱ्या करून ते महिना भागवतात. अशा शिक्षकाला सगळ्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून कच्चे काम ऐकवणारा वर्ग घ्यायला सांगितले, तर तो वर्ग त्याच्या करारात कुठेच बसत नाही. तो घेईल तर फुकट घेईल, आणि काहीजण वर्षानुवर्षे घेतातही. एकास एक तासाचे पैसे मिळतात आणि सामायिक तासाचे मिळत नाहीत, म्हणून खोली बंद राहते. परंपरेपेक्षा या कराराचा वाटा मोठा आहे. सामायिक तास शिक्षकाच्या कामात पूर्ण वेतनाने धरला, आणि ऐकायला बसणे हा विद्यार्थ्याच्या क्रेडिटचा भाग केला, तर एका तासाला एक विद्यार्थी हा प्रशासकाचा आकडाही बदलेल: वाजवणारा एक, शिकणारे पाच-सहा. वाढणारा खर्च शिक्षकाच्या आणखी एका तासाचा. तो द्यायला जे विद्यापीठ तयार नाही, त्याने निदान वैयक्तिक शिकवणी महाग पडते अशी तक्रार करू नये.